बी पेशी परतल्या, ल्युपस परतला नाही: एर्लांगेनच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने एक छोटे पत्र छापले. जर्मनीतील एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात आंद्रेआस माकेन्सेन आणि गेओर्ग शेट यांच्या गटाने २० वर्षांच्या एका तरुणीवर केलेल्या उपचाराची ती हकिगत होती. रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित झालेली कार-टी पेशींची (रुग्णाच्याच टी पेशी या प्रतिकारपेशींत बदल करून त्यांना ठरावीक पेशी मारायला लावण्याची) उपचारपद्धती त्यांनी तिच्या ल्युपसवर वापरली आणि आजार शमला. बातम्यांमध्ये भर राहिला तो या चमत्कारावर. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखे दुसरेच काही आहे. या उपचारात कोणत्या बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचे कूळ) मेल्या, कोणत्या वाचल्या आणि पुढे कोणत्या नव्याने आल्या, हे क्रमाने पाहिले तर माणसातील बी पेशींचे वेगवेगळे उपप्रकार नेमके काय करतात ते इतके उघडपणे दिसते, की एरवी त्यासाठी कित्येक प्रयोग करावे लागले असते.

आजार आणि आधीचे उपचार

ल्युपसमध्ये प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांतली सर्वात परिचित म्हणजे दुपेडी डीएनएविरुद्धची. ही प्रतिपिंडे डीएनएच्या तुकड्यांना चिकटतात, त्यांची गुंफण मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकते, तिथे कॉम्प्लिमेंट ही दाह पेटवणारी रक्तातील प्रथिने ओढली जातात आणि दाह सुरू होतो. या तरुणीच्या मूत्रपिंडांना हेच झाले होते. लघवीतून इतके प्रथिन जात होते की नेफ्रोटिक सिंड्रोम झाला होता. हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या आवरणाला सूज होती, सांधे दुखत होते, अंगावर पुरळ होते. डीएनएविरोधी प्रतिपिंडांची पातळी मिलिलिटरमागे ५००० युनिटच्या वर होती. लघवीत क्रिएटिनिनच्या प्रत्येक ग्रॅममागे २००० मिलिग्रॅमहून अधिक प्रथिन होते. ल्युपसची तीव्रता मोजण्याच्या स्लेडाय या निर्देशांकावर तिचे गुण १६ होते.

उपचारांत काही कमी ठेवले नव्हते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइडचे मोठे डोस, सायक्लोफॉस्फमाइड, मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस हे सगळे देऊन झाले होते. शिवाय खास बी पेशींवर रोखलेली दोन औषधेही दिली होती, बेलिमुमॅब आणि रिटुक्सिमॅब. कशानेही आजार आवरला नाही.

या प्रकरणातला कळीचा मुद्दा इथेच आहे. रिटुक्सिमॅब बी पेशी मारते. कार-टी पेशीही बी पेशी मारतात. मग एकाने काहीच साधले नाही आणि दुसऱ्याने आजार शमवला, असे का व्हावे? 'दुसरे जास्त जोरदार होते' एवढ्या उत्तरावर थांबलो तर मुख्य गोष्ट निसटते.

बी पेशी ही एक जात नाही

बी पेशी अस्थिमज्जेत जन्मते. तिथे ती आपल्या ग्राहकाची, म्हणजे पृष्ठभागावरील लक्ष्य ओळखणाऱ्या प्रथिनाची, जनुके कापून-जोडून बनवते. ही जोडणी यादृच्छिक असल्यामुळे जंतूंना ओळखणाऱ्या ग्राहकांबरोबर स्वतःच्याच शरीराला ओळखणारे ग्राहकही तयार होतात, आणि तेही थोडेथोडके नाहीत. २००३ मध्ये हेडा वार्डमन आणि मिशेल नुसेनझ्वाइग यांच्या गटाने निरोगी माणसांच्या एकेका बी पेशीतून प्रतिपिंडाची जनुके काढून तपासली. अस्थिमज्जेतील अगदी कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या निघाल्या. मज्जेतून नुकत्याच रक्तात आलेल्या पेशींमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते आणि प्रौढ पण अजून प्रतिजन (ग्राहक ज्याला चिकटतो तो घटक) न भेटलेल्या, म्हणजे कोऱ्या, पेशींमध्ये २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाटेत किमान दोन चौक्या आहेत. एक मज्जेत, दुसरी मज्जेबाहेर.

ल्युपसच्या रुग्णांत दुसरी चौकी ढिली असते. याच गटाने २००५ मध्ये दाखवले की उपचार न झालेल्या ल्युपस रुग्णांच्या प्रौढ कोऱ्या पेशींमध्ये स्वतःविरुद्धच्या पेशींचे प्रमाण २५ ते ५० टक्के असते.

दोन चौक्यांमधल्या प्रवासात असलेल्या पेशींना संक्रमणी बी पेशी म्हणतात. त्यांच्यावर सीडी२४ आणि सीडी३८ ही दोन्ही प्रथिने भरपूर असतात ('सीडी' आणि आकडा अशी ही पेशींवरील ओळखखुणांची नावे). प्रौढ माणसाच्या रक्तात त्या मोजक्याच सापडतात, म्हणून फार काळ कोणी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. पण पुढचे बरेचसे याच टप्प्यावर ठरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये जो स्पेन्सर यांच्या गटाने दाखवले की संक्रमणी अवस्थेतच वाट दुभंगते. ज्यांच्या पृष्ठभागावर आयजीएम (प्रतिपिंडांचा एक वर्ग; आयजीडी, आयजीजी, आयजीए हे इतर) जास्त, त्या पेशी आतड्याच्या लसीका-ऊतीकडे ओढल्या जातात आणि त्यांतून पुढे प्लीहेच्या सीमावर्ती पट्ट्यातील बी पेशी घडतात. ज्यांच्यावर आयजीएम कमी, त्या दुसऱ्या वाटेने जातात. मूत्रपिंडाला बाधा झालेल्या तीव्र ल्युपसमध्ये पहिली वाट ओस पडलेली दिसते. ल्युपस म्हणजे बी पेशी फार झाल्या, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे. काही उपप्रकार फुगलेले असतात आणि काही आटलेले.

सीमावर्ती पट्ट्यातील पेशींबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुढे त्या पुन्हा येणार आहेत. त्यांच्यावर आयजीएम, थोडे आयजीडी आणि सीडी२७ असते. रक्तात फिरणाऱ्या तशाच पेशींना आयजीएम स्मृतिपेशी असेही म्हणतात. न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंच्या शर्करायुक्त आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडे बनवणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी टी पेशींच्या मदतीची वाट पाहावी लागत नाही. प्लीहा काढलेल्या माणसात या पेशी घटतात आणि न्यूमोकॉकसचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. दोन वर्षांखालील बाळात हा पट्टा पुरता घडलेला नसतो, म्हणून नुसत्या शर्करेपासून बनवलेली लस त्यांच्यात नीट चालत नाही. सीडी४० लिगँड हे टी पेशींचे मदतीचे प्रथिन नसलेल्या मुलांत जर्मिनल सेंटर (लसीका ग्रंथीतील बी पेशी घडवणारी केंद्रे) तयार होत नाहीत, तरी त्यांच्या रक्तात उत्परिवर्तन झालेल्या या पेशी सापडतात. त्यांची स्वतंत्र वाट आहे, याचा याहून चांगला पुरावा माणसात मिळणे कठीण.

नेहमीची वाट लसीका ग्रंथीतील जर्मिनल सेंटरमधून जाते. तिथे टी पेशींच्या मदतीने ग्राहक सुधारतो, आयजीएमच्या जागी आयजीजी किंवा आयजीए येते आणि स्मृतिपेशी व प्रतिपिंडे ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशी बाहेर पडतात.

ल्युपसमध्ये तिसरी वाट वाहू लागते. एमरी विद्यापीठातील इग्नासिओ सान्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये तिचे तपशीलवार वर्णन केले. आयजीडी नाही, सीडी२७ नाही, सीडी२१ नाही, पण सीडी११सी आणि टी-बेट ही प्रथिने भरपूर, अशा या पेशींना त्यांनी डीएन२ हे नाव दिले. त्या जर्मिनल सेंटरच्या बाहेरच घडतात. टीएलआर७ या संवेदकाला त्या अतिशय तीव्र प्रतिसाद देतात, आणि टीएलआर७ ओळखतो तो एकपेडी आरएनए. मेलेल्या पेशींचे आरएनए-प्रथिन गोळे ज्या बी पेशीच्या ग्राहकाला चिकटतात, तिला ग्राहक आणि टीएलआर७ असे दोन्हीकडून इशारे मिळतात आणि ती थेट प्लाझ्मोब्लास्ट (कोवळी प्लाझ्मा पेशी) होऊन प्रतिपिंडे ओतू लागते. टीएलआर७चे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांच्या काही पेशींत दोन्ही प्रती चालू राहतात. ल्युपस स्त्रियांमध्ये सुमारे नऊपट अधिक का, याच्या उत्तराचा एक भाग यात आहे. २०२२ मध्ये तर लहानपणीच ल्युपस झालेल्या एका मुलीत टीएलआर७मधला एकच बदल आजाराचे कारण ठरल्याचे सिद्ध झाले.

रिटुक्सिमॅब का पुरले नाही

रिटुक्सिमॅब सीडी२० या प्रथिनाला चिकटते. सीडी२० संक्रमणी, कोऱ्या आणि स्मृतिपेशींवर असते, पण प्लाझ्मोब्लास्ट होताना ते गळून पडते. म्हणजे प्रतिपिंडे प्रत्यक्ष ओतणारी पेशी या औषधाला दिसतच नाही. ती आपोआप मरेल आणि तिच्या जागी नवी येणार नाही, एवढ्याच भरवशावर हा उपचार उभा आहे.

हा भरवसा खरा ठरायचा तर मागचा पुरवठा पूर्ण तुटायला हवा. तो तुटत नाही. बी पेशी मारण्यासाठी रिटुक्सिमॅबला रुग्णाच्याच मॅक्रोफेज आणि एनके या मारेकरी प्रतिकारपेशी लागतात. रक्तात ते जमते, ऊतींमध्ये नाही. रक्ततपासणीत बी पेशी शून्य दिसतात आणि लसीका ग्रंथीत त्या शाबूत असतात. त्यातच बी पेशी मारल्यावर बॅफ हे त्यांना जगवणारे प्रथिन वाढते आणि उरलेल्यांना, चौकी चुकवून आलेल्यांनाही, तगून राहायला बळ मिळते. ल्युपसवरील रिटुक्सिमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या, एक्सप्लोरर आणि ल्युनार, आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. त्यावरून बी पेशी हे लक्ष्यच चुकीचे, असा निष्कर्ष काहींनी काढला होता. तो घाईचा होता.

एक जुनी खूण खरे तर हाताशी होती. जेनिफर अनोलिक आणि सान्झ यांनी रिटुक्सिमॅब घेतलेल्या ल्युपस रुग्णांचा पाठपुरावा केला होता. ज्यांना दीर्घकाळ आराम पडला, त्यांच्यात परतलेल्या बी पेशींमध्ये संक्रमणी पेशींचा भरणा होता आणि स्मृतिपेशी फार उशिरा आल्या. किती पेशी मेल्या यापेक्षा परत कोण आले, हे त्यांनी तेव्हाच मोजले होते. त्या निरीक्षणाला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही, असे मला वाटते.

उपचार

रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या केल्या. विषाणूवाहकाच्या मदतीने त्यांच्यात सीडी१९ ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवला. त्या वाढवल्या. पेशी देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देऊन शरीरात जागा केली. मग वजनाच्या किलोमागे ११ लाख कार-टी पेशी शिरेतून सोडल्या. नवव्या दिवशी रक्तातील टी पेशींपैकी २७ टक्के याच होत्या. बी पेशी रक्तातून नाहीशा झाल्या. कर्करोगाच्या रुग्णांत ज्याची धास्ती असते, ते सायटोकाइन वादळ (प्रतिकारयंत्रणेच्या संदेश-प्रथिनांचा पूर) किंवा मेंदूवरील दुष्परिणाम झाले नाहीत. कर्करोगात मारायच्या पेशींचा डोंगर असतो, ल्युपसमध्ये तसा नसतो, हे त्यामागचे एक सयुक्तिक कारण.

सीडी१९ आणि सीडी२० यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. सीडी१९ मज्जेतल्या अगदी आरंभीच्या बी पेशीवर उगवते आणि प्लाझ्मोब्लास्ट अवस्थेतही टिकते. दुसरे म्हणजे, कार-टी पेशी हे काही चिकटणारे प्रथिन नव्हे. ती स्वतः ऊतीत शिरते, स्वतः मारते आणि स्वतः वाढते. याच केंद्राने पुढे रुग्णांच्या लसीका ग्रंथींचे नमुने तपासले. रिटुक्सिमॅबनंतर ग्रंथीत बी पेशी उरलेल्या होत्या. कार-टीनंतर त्या पूर्ण गेल्या होत्या आणि बी पेशींच्या पुटिकांची रचनाही विस्कटली होती.

पाच आठवड्यांत डीएनएविरोधी प्रतिपिंडे ५००० च्या वरून ४ युनिटवर आली. लघवीतले प्रथिन २५० मिलिग्रॅमच्या खाली गेले. कॉम्प्लिमेंट प्रथिने पूर्ववत झाली. स्लेडायचे गुण १६ वरून ० झाले.

काय गेले, काय राहिले

या आकड्यांपाशी जरा थांबू. रक्तातील आयजीजीचा अर्धायुकाल सुमारे २१ दिवस असतो. निर्मिती एका क्षणात पूर्ण थांबली असे धरले, तरी पाच आठवड्यांनंतर मूळ पातळीचा साधारण एक तृतीयांश भाग उरायला हवा. म्हणजे दीड हजार युनिटच्या वर. उरले ४. नुसते उत्पादन थांबून हा हिशोब जुळत नाही. डीएनएविरोधी प्रतिपिंडे मोकळी फार राहत नाहीत, ती प्रतिजनाला चिकटतात आणि ती गुंफण भक्षक पेशी लवकर उचलतात. नेफ्रोटिक अवस्थेत लघवीतूनही आयजीजी वाहून जाते. तेव्हा माझा तर्क असा: ही प्रतिपिंडे आधीपासूनच वेगाने खर्च होत होती आणि तेवढ्याच वेगाने ओतली जात होती. ओतणाऱ्या पेशी तरुण, अल्पायुषी आणि सीडी१९ असलेल्या प्लाझ्मोब्लास्ट होत्या. त्या गेल्या आणि पातळी कोसळली.

आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये याच गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल दिला, त्यात ही तरुणीही होती. तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शमला. त्यांच्या ल्युपसशी निगडित प्रतिपिंडांत मोठी घट झाली, पण पूर्वीच्या लसींमुळे तयार झालेली संरक्षक प्रतिपिंडे बहुतांशी टिकून राहिली. शरीरात बी पेशी दिसत नसताना धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे मात्र जागेवर!

यामागे अस्थिमज्जेतील दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी आहेत. २०१५ मध्ये सान्झ आणि फ्रान्सिस युन-ह्युंग ली यांच्या गटाने माणसाच्या मज्जेतील प्लाझ्मा पेशींची वर्गवारी केली. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या विषाणूसंसर्गांची आठवण ज्यांच्यात होती, त्या पेशींवर सीडी३८ आणि सीडी१३८ होते, पण सीडी१९ नव्हते. त्याच वर्षी बर्लिनच्या संशोधकांनीही मज्जेतील सीडी१९-विरहित प्लाझ्मा पेशींचे वर्णन केले. कार-टी पेशींना या दिसत नाहीत. धनुर्वाताविरुद्धच्या प्रतिपिंडांचा रक्तातील टिकाव सुमारे ११ वर्षांच्या अर्धायुकालाचा असतो तो यांच्याच जोरावर.

म्हणजे एकाच उपचाराने प्रतिपिंडांची दोन कुळे वेगळी करून दाखवली. आजाराची प्रतिपिंडे बी पेशींच्या सततच्या भरतीवर जगत होती. लसीची प्रतिपिंडे भरतीशिवाय जगत होती. याला एक पुरवणी जोडली पाहिजे: सगळी स्वप्रतिपिंडे डीएनएविरोधी प्रतिपिंडांसारखी वागत नाहीत. रिटुक्सिमॅबच्या काळापासून माहीत आहे की डीएनएविरोधी पातळी उतरते, पण रो आणि ला या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे बरेचदा हलत नाहीत. त्यांचा मोठा वाटा दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींकडून येत असावा. ज्या रुग्णात नुकसान अशा प्रतिपिंडांमुळे होत असेल, त्याच्यासाठी सीडी१९ हे लक्ष्य पुरेसे नाही. तिथे प्लाझ्मा पेशींवरील बीसीएमएसारखे लक्ष्य विचारात घ्यावे लागते, आणि मग लसींनी दिलेल्या संरक्षणावरही घाला येतो. ही किंमत मोजायची का, हे रुग्णागणिक ठरवावे लागेल.

परतलेल्या पेशी

पाच रुग्णांत बी पेशी सरासरी ११० दिवसांनी परतल्या. तोवर कार-टी पेशी ओसरल्या होत्या आणि मज्जेतील मूळ पेशींना, ज्यांच्यावर सीडी१९ नसतेच, धक्का लागला नव्हता. परत आलेल्या पेशी बहुतेक कोऱ्या होत्या. त्यांच्यावर आयजीएम आणि आयजीडी होते, आयजीजी किंवा आयजीएकडे वर्गबदल झालेला नव्हता. सीडी११सी असलेल्या, सीडी२१ हरवलेल्या सक्रिय पेशी आणि प्लाझ्मोब्लास्ट, जे आधी फुगलेले होते, ते परतले नाहीत. आणि आजारही परतला नाही.

मला या प्रकरणातील सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. रुग्णांची जनुके तीच होती. टीएलआर७ तोच, एक्स गुणसूत्रे तीच. चौकी ढिली असण्याची जन्मजात प्रवृत्ती असेल तर नव्या कोऱ्या पेशींतही स्वतःविरुद्धच्या पेशी असणारच. तरीही त्या पेटल्या नाहीत. याचा अर्थ असा घ्यावा लागतो की आजार चालू ठेवायला प्रवृत्तीच्या जोडीला आधीच तयार झालेल्या सक्रिय पेशींचा साठा लागतो. तो साठा स्वतःच प्रतिपिंडे, दाह आणि मृत पेशींचा कचरा निर्माण करतो, आणि नव्या पेशींना पेटवणारे इंधन त्यातूनच मिळते. ते चक्र एकदा पूर्ण तुटले की नव्या पेशींना पेटायला वेळ लागतो. किती वेळ, हे लांब पाठपुराव्यातूनच ठरेल. २०२४ मध्ये याच केंद्राने १५ रुग्णांचा अहवाल दिला, त्यांत ल्युपसचे ८ होते. पाठपुराव्याचा मध्यक १५ महिन्यांचा होता. आठही ल्युपस रुग्णांचा आजार शांत होता आणि कोणालाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत नव्हती.

परतीचा एक धोकादायक पैलूही आहे, आणि उत्साहात तो बाजूला पडू नये. कोऱ्या पेशी तीन-चार महिन्यांत येतात, सीडी२७ असलेल्या आयजीएम स्मृतिपेशींना मात्र घडायला खूप जास्त वेळ लागतो. ल्युपसमध्ये तर त्यांची वाट आधीच आटलेली असते. या मधल्या काळात रुग्णाकडे जुन्या लसींची आयजीजी असते, पण नव्या न्यूमोकॉकसला टी पेशींविना झटपट उत्तर देणारी फळी नसते. रक्ताच्या अहवालात 'बी पेशी पूर्ववत' असे एक ओळीचे वाक्य आले म्हणून निर्धास्त होणे चूक ठरेल. एकूण बी पेशींचा आकडा इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. आयजीडी, सीडी२७, सीडी३८, सीडी२४, सीडी२१ आणि सीडी११सी एवढ्या खुणा एकत्र मोजल्या, तरच कोण आले आणि कोण अजून यायचे आहे ते कळते. सोबत एकूण आयजीजी पाहत राहावी आणि ती फार घसरली व संसर्ग होऊ लागले तर इम्युनोग्लोब्युलिन द्यावे. न्यूमोकॉकसची लस द्यायची तर प्रथिनाशी जोडलेल्या प्रकारातली द्यावी. तिला टी पेशींची मदत मिळते, त्यामुळे सीमावर्ती पट्टा तयार नसतानाही कोऱ्या पेशींना ती जर्मिनल सेंटरच्या वाटेने कामाला लावू शकते.